आधी लग्न, मग ग्रीन कार्ड : एका प्रवास-परवानगीचं प्रकरण

मुलगा टेक्सासात, मुलगी कोल्हापुरात, मुलाचे आईवडील नाशकात. लग्न डिसेंबर २०२१ मध्ये कोल्हापूरला व्हायचं होतं, ते झालं मे २०२२ मध्ये. मधले महिने गेले ते ॲडव्हान्स पॅरोल नावाच्या एका कागदापायी. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असताना अमेरिकेबाहेर जाऊन परत येण्याची ही परवानगी. दोन्ही घरांचे डोळे त्या कागदाकडे लागलेले असताना खरा पेच दुसरीकडेच होता, आणि तो सर्वांत आधी दिसला नवऱ्या मुलीला.

मी मुलाची मावसबहीण. न्यू जर्सीत राहते, या रांगेतून स्वतः गेलेली आहे, म्हणून दोन्हीकडचे फोन माझ्याकडे येत. दोघांना विचारून हे लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मी वकील नाही. यातले कायद्याचे निर्णय त्याच्या वकिलाला विचारून झाले, आणि प्रत्येकाची कागदपत्रं वेगळी असतात हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचावं.

कागदोपत्री स्थिती

तो २०१० मध्ये एमएससाठी आला, मग नोकरी, मग एच-१बी, म्हणजे नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा. कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया जून २०१४ मध्ये ईबी-२ या नोकरीवर आधारित गटात सुरू केली. ती त्याची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला नंबर. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं मिळतात आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली सात टक्केच, असा नियम आहे. त्यामुळे भारतीयांची रांग दशकभर लांब. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात दोन तक्ते असतात : एक अर्ज भरण्याच्या तारखांचा, दुसरा कार्ड मिळण्याच्या. त्यातल्या तारखेच्या आत आपली तारीख आली की इथले लोक म्हणतात, ‘करंट झालो’.

ऑक्टोबर २०२० मध्ये या बुलेटिनने सगळ्यांना चकित केलं. अर्ज भरण्याच्या तक्त्यात भारतासाठी ईबी-३ ची तारीख १ जानेवारी २०१५ पर्यंत पुढे आली. ईबी-२, जो वरचा गट मानला जातो, त्याची तारीख मात्र १५ मे २०११ वरच. मग ईबी-२ मधल्या हजारो लोकांनी कंपनीकडून ईबी-३ ची नवी याचिका करून घेतली. याला सगळे ‘डाउनग्रेड’ म्हणतात. आमच्या मुलानेही तेच केलं आणि ऑक्टोबर संपता संपता तीन अर्ज एकत्र पाठवले : ग्रीन कार्डाचा आय-४८५, कामाच्या परवान्याचा आय-७६५ आणि प्रवासाच्या परवानगीचा आय-१३१. त्या वेळी एवढे लिफाफे एकदम येऊन पडले होते की पोचपावत्या हातात यायलाच नवं वर्ष उजाडलं.

आय-४८५ प्रलंबित असताना पॅरोलशिवाय देश सोडला, तर तो अर्ज सोडून दिला असं समजतात. एच-१बी आणि एल-१ वाल्यांना (एल-१ म्हणजे कंपनीने बदलीवर पाठवलेले) आणि त्यांच्या कुटुंबाला यातून सूट आहे, पण परत येताना पासपोर्टवर त्या वर्गाचा चालू व्हिसा हवा. याची एच-१बी याचिका २०२४ पर्यंत मंजूर होती, पासपोर्टवरचा शिक्का मात्र २०१९ मध्येच संपलेला. म्हणजे पॅरोलशिवाय भारतात आला, तर मुंबईत स्टॅम्पिंग करूनच, म्हणजे अमेरिकी वकिलातीतून नवा शिक्का घेऊनच, परत जाता येणार. शिवाय पॅरोल हातात येण्याआधी देश सोडला, की पॅरोलचा अर्जही बाद.

स्थळ, तारीख आणि पहिली माघार

२०२१ च्या सुरुवातीला नात्यातून स्थळ आलं. मुलगी कोल्हापुरात महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. व्हिडिओवर भेटी झाल्या, दोघांचं जमलं, मेमध्ये घरच्या घरी साखरपुडा झाला, तोही त्याच्याविना. मुलाकडून त्याची आई आणि भाऊ गेले, ओटी भरली, तो पडद्यावरून बघत होता. तुळशीची लग्नं लागली की लगेचचा मुहूर्त धरून मंगल कार्यालय ठरलं, अर्धी रक्कम भरली, केटररला विसार दिला. पॅरोल तोवर येईलच असं सगळे धरून चालले होते, कारण आधीच्या वर्षांत तो चार-सहा महिन्यांत येत असे.

जुलैत कामाचा परवाना आला, पॅरोल नाही. दसरा गेला, तरी नाही.

तेव्हा कोणकोणते मार्ग तपासले ते सांगते, कारण आजही लोक हेच विचारतात.

तातडीचा पॅरोल मिळतो, पण तेव्हा त्यासाठी जवळच्या माणसाचं गंभीर आजारपण किंवा मृत्यू असं कारण लागे. लग्न त्यात सहसा बसत नसे. (२०२४ मध्ये या विनंत्यांचे निकष अधिक स्पष्ट केले गेले. आधीपासून ठरलेल्या कार्यक्रमासाठी वेळेत अर्ज केला असेल आणि खात्याच्या विलंबामुळेच कागद आला नसेल, तर आता तसं मांडता येतं. निव्वळ सहलीसाठी मात्र नाही.)

युटा राज्यातल्या एका काउंटीत ऑनलाइन लग्न नोंदवता येतं, हे मुलाच्या मित्राने सुचवलं. इमिग्रेशनच्या कायद्यात मात्र स्पष्ट लिहिलेलं आहे : ज्या लग्नविधीत दोघं एकमेकांसमोर हजर नव्हते, ते लग्न त्यानंतर पतिपत्नी म्हणून एकत्र आल्याशिवाय धरत नाहीत. एकत्र येण्यासाठी प्रवास हवा, आणि अडलं होतं तेच.

मुलीने पर्यटक व्हिसावर अमेरिकेत येऊन लग्न करावं, हा तिसरा मार्ग. पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांच्या मुलाखती तेव्हा जवळपास बंद होत्या, आणि होणारा नवरा ग्रीन कार्डाच्या रांगेत असताना ‘मी परत जाणार’ हे अधिकाऱ्याला पटवणंही कठीण. हा विचार तिथेच थांबला.

राहिला चौथा : एच-१बीवर सरळ निघायचं आणि मुंबईत ड्रॉपबॉक्सने स्टॅम्पिंग करायचं. ड्रॉपबॉक्समध्ये मुलाखत नसते, कागद जमा करायचे. तो पात्र होता, पण स्लॉट दिसतच नव्हते. रात्री-बेरात्री उघडत आणि काही मिनिटांत संपत. त्यात ४ मे २०२१ पासून भारतातून येणाऱ्या बिगर-स्थलांतरित व्हिसाधारकांवर करोनामुळे बंदी होती, ती ८ नोव्हेंबरला उठली. अडकला असता तर किती महिने, हे कोणी सांगू शकत नव्हतं, आणि भारतातून काम करायला त्याच्या कंपनीची परवानगी नव्हती.

ऑक्टोबरच्या अखेरीस त्याने तारीख पुढे ढकलायचं ठरवलं. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. कठीण होतं ते कोल्हापूरला सांगणं.

‘ताई, पोराच्या मनात दुसरं काही नाही ना?’

मुलीच्या वडिलांनी मला हे विचारलं, तेव्हा मला अजिबात राग आला नाही. परदेशातल्या मुलाने तारखा पुढे ढकलत राहणं, मग फोन कमी होणं, मग एक दिवस कळणं की तिकडे त्याचं वेगळंच काही चाललं आहे, अशा कहाण्या आपल्या गावागावांत आहेत. ज्या मुलींच्या वाट्याला ते आलं त्यांची उरलेली वर्षं त्यात गेली. त्यामुळे कागद आला नाही हे वाक्य मुलीच्या घरी सबबीसारखंच ऐकू येतं. मुलाकडच्यांनी हे समजून घ्यायला हवं. आमची मावशी आधी चिडली होती, ‘आमच्यावर विश्वास नाही का’ म्हणत होती. मी तिला एवढंच म्हटलं की मावशी, तू मुलीची आई असतीस तर काय केलं असतंस?

मुलाने त्या वेळी जे केलं ते मला फार आवडलं. अर्ज, पोचपावत्या आणि एच-१बीची मंजुरी या सगळ्यांच्या प्रती त्याने मुलीच्या वडिलांना पाठवल्या. पोचपावतीवरचा क्रमांक इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर कसा टाकायचा आणि अर्ज कुठे आहे ते कसं बघायचं, हे व्हिडिओ कॉलवर दाखवलं. वकिलाशी एक कॉल ठरवला, त्यात मुलगी आणि तिचे वडील दोघांनाही बसवलं आणि काय हवं ते विचारायला सांगितलं. कार्यालयाच्या बुडणाऱ्या रकमेतली निम्मी त्याने न मागता उचलली. त्यानंतर दर सोमवारी सकाळी मुलीचे वडील स्वतः क्रमांक टाकून बघत आणि मला निरोप धाडत, ‘ताई, अजून पेंडिंगच.’ संशय तिथे संपला.

तारीख हलवली ते एका अर्थी बरंच झालं. २६ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेने ओमायक्रॉनची घोषणा केली, आणि डिसेंबर संपताना महाराष्ट्रात लग्नांवर पन्नास माणसांची मर्यादा आली. नवा मुहूर्त मेच्या दुसऱ्या आठवड्यातला धरला. कार्यालयाच्या मालकाने आधीची काही रक्कम नव्या तारखेत वळती करून घेतली.

कागद आला आणि प्रश्न बदलला

फेब्रुवारी २०२२ मध्ये पॅरोल आला, वर्षभराच्या मुदतीचा. नाशकात पेढे वाटले गेले. मेमध्ये तो येणार आणि स्टॅम्पिंग झालं नाही तरी पॅरोलवर परत जाऊ शकणार, एवढं पक्कं झालं.

पण त्याच महिन्यांत बुलेटिनमध्ये वेगळंच घडत होतं. करोनाच्या काळात कुटुंब गटातली बरीच कार्डं वापरली गेली नव्हती. कायद्याप्रमाणे ती पुढच्या वर्षी नोकरीच्या गटाकडे येतात. त्यामुळे २०२२ च्या आर्थिक वर्षात नेहमीच्या १,४०,००० ऐवजी नोकरीच्या गटाला २,८१,५०७ कार्डं होती आणि ती ३० सप्टेंबरपूर्वी संपवायची होती. कार्ड मिळण्याच्या तक्त्यात भारताच्या ईबी-२ ची तारीख धावत सुटली : जानेवारीत ८ जुलै २०१२, फेब्रुवारीत १ जानेवारी २०१३, मार्चमध्ये १ मे २०१३. त्याच तक्त्यात ईबी-३ मात्र जानेवारी २०१२ वर अडकलेली. जे दीड वर्षापूर्वी ईबी-३ मध्ये उतरले होते, ते आता प्रलंबित आय-४८५ पुन्हा आपल्या जुन्या ईबी-२ याचिकेला जोडून घेऊ लागले. याला ‘इंटरफाइल’ म्हणतात. खुद्द इमिग्रेशन खातंच लोकांना तसं करायला सांगत होतं. त्याच्या ऑफिसातल्या थोड्या आधीच्या तारखांच्या मित्रांना एकेक करत कार्डं येऊ लागली.

मार्चमधल्या एका रविवारी आम्ही चौघं कॉलवर होतो. तो आनंदात सांगत होता की हाच वेग राहिला तर माझीही तारीख उन्हाळ्यात येईल. मुलीने शांतपणे विचारलं, ‘अरे, तुझं कार्ड आलं तर मी कुठल्या रांगेत?’

त्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच नीट उत्तर नव्हतं. वकिलाकडून जे कळलं ते असं.

नोकरीच्या आधारावर कार्ड मिळवणाऱ्याच्या बायकोला त्याच्याच रांगेतला, त्याच्याच तारखेचा हक्क मिळतो. अट एकच : त्याला कार्ड मिळण्याच्या क्षणी लग्न झालेलं हवं. कार्ड आधी आणि लग्न नंतर झालं, तर तो हक्क कायमचा जातो. मग तिच्यासाठी वेगळी याचिका, वेगळी तारीख, ग्रीन कार्डधारकांच्या बायकामुलांची एफ२ए नावाची वेगळी रांग. आणि त्याचं कार्ड आलं की त्याचा एच-१बी संपतो, म्हणजे तिच्या एच-४ ची, एच-१बीवाल्याच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसाची, वाटही बंद. ग्रीन कार्डधारकाच्या बायकोला रांगेत असताना नवऱ्यासोबत राहता यावं, अशी सोय सध्या तरी हाताशी नाही.

घाईघाईने इंटरफाइल केलं असतं आणि तारीख आणखी झपाट्याने पुढे येऊन लग्नाआधीच मंजुरी आली असती, तर ज्या कार्डासाठी तो बारा वर्षं झटला त्याच कार्डाने बायकोला दारात अडवलं असतं. तोवर आम्ही सगळे एकच प्रश्न विचारत होतो : परवानगी कधी येणार? लग्नाची नोंद, तिचा व्हिसा आणि त्याचं कार्ड या तिघांचा क्रम काय असावा, हे कोणी मांडूनच बघितलं नव्हतं. परदेशातल्या मुलाचं लग्न ठरवताना पत्रिकेतल्या गुणांच्या आधी हा क्रम जुळवावा, असं मला आज मनापासून वाटतं.

त्याने इंटरफाइल थांबवलं.

मे : विधी, नोंदणी, मुंबई

लग्न झालं, थाटात झालं. त्याचं वर्णन इथे करत नाही. कागदाच्या बाजूने तीन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद होते. वधूवरांचे वयाचे आणि पत्त्याचे दाखले, लग्नपत्रिका, विधीचे फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही लागते. मुलीच्या काकांनी आधीच जाऊन सगळे नमुने आणून भरून ठेवले होते आणि भटजींनाही सांगून ठेवलं होतं. त्यामुळे लग्नानंतर त्याच आठवड्यात प्रमाणपत्र हातात आलं. ज्यांच्याकडे मुलगा दोनच आठवड्यांसाठी येतो, त्यांनी हे काम लग्नानंतर बघू म्हणून ठेवू नये. एच-४ चा सगळा डोलारा या एका कागदावर उभा असतो.

दुसरी गोष्ट नावाची. तांदळात नवं नाव लिहिण्याचा विधी झाला, सासूबाईंनी हौसेने नाव काढलं होतं. पासपोर्टवर मात्र माहेरचंच नाव ठेवलं. नोंदणीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, पदवी आणि व्हिसाचा अर्ज या सगळ्यांवर एकच नाव असलं की चौकशा कमी होतात. नव्या नावाचा पासपोर्ट काढण्यात जाणारे आठवडे तेव्हा परवडणारे नव्हते. मावशीला हे आधी सांगितलं होतं, म्हणून कोणाचं मन दुखावलं नाही.

तिसरी गोष्ट त्याच्या परतीची. पॅरोल होता, तरी त्याने बीकेसीतल्या ड्रॉपबॉक्सचा स्लॉट धरला. कारण असं की पॅरोलवर आत आलेला माणूस एच-१बीवर आला असं धरत नाहीत. तो त्याच कंपनीत काम करत राहू शकतो आणि पुढच्या मुदतवाढीत पुन्हा एच-१बीत येऊ शकतो, पण मधल्या काळात बायकोच्या एच-४ मुलाखतीत अधिकारी काय विचारेल याचा भरवसा नाही. तिचा व्हिसा त्याच्या एच-१बीच्या आधारावर उभा राहणार, म्हणून तो आधार स्वच्छ असावा, असा वकिलाचा आग्रह होता. त्याच कारणाने त्याने कामाचा परवाना हातात असूनही कधी वापरला नाही. शिक्का लागून पासपोर्ट आला, विमानतळावर त्याने व्हिसा दाखवला आणि त्याच रात्री संकेतस्थळावरून आय-९४, म्हणजे देशात प्रवेशाची नोंद, काढून त्यावर एच-१बी लिहिलं आहे ना, ते तपासलं. एवढी वाट बघून मिळालेला पॅरोल बॅगेतच राहिला. तरी तो कागद वाया गेला असं मी म्हणणार नाही. त्याच्या जोरावरच मेची तारीख धरता आली आणि स्टॅम्पिंग अडलं असतं तर तोच कामी आला असता.

जून : थांबवलेलं कार्ड

मेच्या मध्यावर, लग्नघरातले पाहुणे पांगत असतानाच, जूनचं बुलेटिन आलं. ईबी-२ ची तारीख १ सप्टेंबर २०१४. त्याची जून २०१४. तो करंट झाला होता.

आता लग्न झालेलं होतं, म्हणजे तिचा हक्क शाबूत होता. मग लगेच इंटरफाइल का करू नये? नाशिकहून, पुण्याहून, इथल्या मित्रांकडून सगळ्यांचं हेच म्हणणं. घरी आलेली लक्ष्मी कोणी परत पाठवतं का, असं मावशीने विचारलं, आणि तिचं दुःख खरं होतं. तिने मुलाच्या रांगेची आठ वर्षं मोजली होती.

अडचण तिच्या व्हिसाची होती. एच-४ साठी तिला पहिल्यांदाच मुलाखत द्यायची होती आणि उन्हाळ्यात मुंबईत, दिल्लीत, हैदराबादला, कुठेच जवळची तारीख नव्हती. इंटरफाइल केलं असतं तर त्याचं कार्ड सप्टेंबरपर्यंत येण्याची दाट शक्यता. ते आलं की एच-४ संपला. मग तिच्यापुढे दोन वाटा : त्याच्या मागोमाग येणारी पत्नी म्हणून वकिलातीतून अर्ज, ज्यासाठी ईबी-२ ची तारीख त्या वेळीही करंट असावी लागते, किंवा एफ२एची नवी याचिका. दुसरी वाट तेव्हा खुली होती, पण याचिकेची मंजुरी, मग राष्ट्रीय व्हिसा केंद्र, मग मुंबईची मुलाखत, असं धरून दीड-दोन वर्षं सहज. आणि ती खुलीच राहील याची हमी कोण देणार?

दोघांनी एक आठवडा मागून घेतला. त्यात त्यांनी आमच्यापैकी कोणालाही फोन केला नाही, हे योग्यच होतं. मग मुलीने मला सांगितलं, ‘ताई, आम्ही दीड वर्ष पडद्यावरच भेटलोय. कार्ड पुन्हा येईल.’ इंटरफाइल न करता ईबी-३ मध्येच राहायचं, एच-१बी सांभाळायचा आणि तिने एच-४ वर यायचं, हे ठरलं.

मी तेव्हा या बाजूची होते आणि आजही आहे, पण किंमत मोठी होती हे लपवून चालणार नाही. ६ सप्टेंबर २०२२ ला त्या वर्षाची ईबी-२ ची कार्डं संपल्याचं जाहीर झालं. ऑक्टोबरच्या बुलेटिनमध्ये ईबी-२ ची तारीख १ एप्रिल २०१२ वर मागे आली, डिसेंबरमध्ये ८ ऑक्टोबर २०११ वर. दार बंद झालं. ज्या मित्रांनी त्या उन्हाळ्यात कार्ड घेतलं, ते २०२७ मध्ये नागरिकत्वाचा अर्ज करू शकतील. हा मात्र अजून रांगेत. २०२२ च्या शेवटी आणि २०२३ मध्ये तंत्रज्ञान कंपन्यांत नोकरकपातीची लाट आली, तेव्हा त्याच्या टीममधलेही काही जण गेले. एच-१बीवरच्या माणसाची नोकरी गेली की नवी शोधायला साठ दिवसांची मुदत असते. त्याच्याकडे कामाचा परवाना होता, त्यामुळे तो तरला असता, पण तो वापरला की तिचा एच-४ गेला असता. त्या हिवाळ्यात दोघं कशी राहिली ते मला माहीत आहे.

दुसऱ्या पारड्यात हे : दिवाळीच्या आगेमागे भारतातल्या अमेरिकी वकिलातींनी एच आणि एल गटासाठी मोठ्या संख्येने तारखा खुल्या केल्या. तिला मुंबईत मुलाखत मिळाली, आणि सत्र संपवून, कॉलेजला रीतसर नोटीस देऊन ती २०२३ च्या वसंतात टेक्सासला पोचली. त्याची आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेली याचिका, आधीच मंजूर असल्याने एच-४ वर तिला कामाचा परवाना मागता आला, आणि तो आल्यावर तिने एका प्रयोगशाळेत काम सुरू केलं. ती पोचली त्याच सुमाराला, एप्रिल २०२३ च्या बुलेटिनमध्ये, तोवर खुला असलेला एफ२ए गट ८ सप्टेंबर २०२० वर मागे गेला. आदल्या वर्षी ज्यांनी त्या वाटेवर भरवसा ठेवून याचिका भरल्या होत्या, त्यांच्या बायका भारतातच अडकल्या. अशी दोन घरं माझ्या ओळखीची आहेत. त्यांनी चूक केली असं मी म्हणत नाही. त्यांच्यापुढे तेव्हा जी माहिती होती तिच्यावर त्यांनी निर्णय घेतला.

आजची स्थिती

ऑक्टोबर २०२५ च्या बुलेटिनमध्ये अर्ज भरण्याच्या तक्त्यात भारताची ईबी-३ तारीख १५ ऑगस्ट २०१४ वर आली आणि इमिग्रेशन खात्याने त्या महिन्यासाठी तोच तक्ता ग्राह्य धरला. जून २०१४ त्यात बसते. तिने त्याची पत्नी म्हणून स्वतःचा आय-४८५ भरला : फी १,४४० डॉलर, पॅरोलच्या अर्जाचे ६३० वेगळे, कामाच्या परवान्याचे २६० वेगळे. वैद्यकीय तपासणीचा बंद लिफाफा आता अर्जासोबतच द्यावा लागतो, तोही दिला. जन्मदाखल्यावर तिचं नावच नव्हतं, नुसतं ‘मुलगी’ असं लिहिलेलं होतं. कोल्हापूरहून नावाची नोंद करून नवा दाखला मागवण्यात दिवस गेले. जुन्या दाखल्यांत हे सर्रास असतं, त्यामुळे ज्यांची तारीख जवळ येते आहे त्यांनी आपला दाखला आजच काढून बघावा.

आता त्याचं कार्ड आधी आलं तरी तिचा अर्ज इथेच प्रलंबित राहील, तिला देश सोडावा लागणार नाही. इंटरफाइलबद्दल त्याला हात आखडता घेण्याचं कारण उरलेलं नाही.

तिच्या धाकट्या भावाचं लग्न येत्या वर्षात करायचं घाटतं आहे. २ सप्टेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ ची ड्रॉपबॉक्सची सोय बंद झाली, आणि डिसेंबरमध्ये समाजमाध्यमांच्या तपासणीचा नवा नियम लागू होताच भारतातल्या कित्येकांच्या मुलाखती महिनोन्महिने पुढे ढकलल्या गेल्या. स्टॅम्पिंगसाठी गेलेले लोक तिकडेच अडकले. त्यामुळे या वेळी दोघंही स्टॅम्पिंगच्या वाटेला जाणार नाहीत. त्याने पॅरोलचं नूतनीकरण करून घेतलं आहे, तिचा पहिला अर्ज प्रलंबित आहे. तिच्या वडिलांनी सगळ्यांना सांगून टाकलं आहे की लेकीचा कागद हातात आल्याशिवाय कार्यालय बघायचं नाही, आणि पोचपावतीचा क्रमांक त्यांनी तिच्याकडून मागून घेतला आहे.